मजकुराचं अक्षर

मराठी घरातली सगळ्यांत विचारपूर्वक रचलेली छापील वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर मी स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट दाखवेन. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते काढलं आणि तेव्हापासून ते इतक्या घरांत इतक्या मुकाट्यानं लटकतं आहे, की रचना म्हणून त्याच्याकडे कुणी बघतच नाही. एवढ्याशा चौकटीत तारीख, तिथी, नक्षत्र, सण, सुट्टी, संकष्टीला चंद्र किती वाजता उगवणार हे सगळं बसवलेलं असतं. तरीही गर्दी वाटत नाही, कारण ती चौकट तीन अंतरांवरून वाचायची असते. कणीक मळता मळता मान वळवली की तारखेचा आकडा दिसतो. दोन पावलं पुढे गेलं की सण कळतो. तिथी बघायची तर चष्मा लावून भिंतीपाशी जावं लागतं, आणि ज्याला तिथी हवी असते तो जातोच. कलाशाळेत पहिल्या वर्षी जे धडे देतात, म्हणजे आधी काय दिसावं, मागाहून काय दिसावं, कशाला किती जागा द्यावी, कशाशेजारी काय ठेवावं, ते सगळे या एका पानावर गिरवलेले आहेत. उरलेल्या कोपऱ्यात घरातलं माणूस दुधाचा खाडा मांडतं, सिलिंडर कधी लावला ते लिहितं. वाचणाऱ्याला स्वतःचं काही लिहायला जागा ठेवणारं पान आपल्याकडे फार थोड्यांनी केलं.

पण मराठी दृश्यकलेचा इतिहास सांगायला बसलं की कालनिर्णयचं नाव निघत नाही. नाटकांची शीर्षकं निघतात, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं निघतात, सुलेखनाची प्रदर्शनं निघतात. त्यांचा मानही मोठाच आहे. गेली अनेक वर्षं पुस्तकांची पानं लावण्याचं काम करताना मला जे जाणवत आलं ते असं, की शीर्षकाच्या अक्षरात मराठी माणसानं कुणापुढे मान खाली घालावी अशी स्थिती कधीच नव्हती, पण मजकुराच्या अक्षराकडे आपण पाठ फिरवली. फॉर्म, पावती, औषधाची सूचना, बसची पाटी, वीजबिल, पाठ्यपुस्तकाचं आतलं पान, कादंबरीचं एकशे बारावं पान. माणूस आयुष्यभर वाचतो ते हे अक्षर.

या अक्षराचा विचार आपल्या भाषेत झालाच नव्हता, असंही नाही. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. बाळबोध अक्षर कसं काढावं, याच्या त्या सूचना आहेत. अक्षर वाटोळं, सरळ आणि मोकळं असावं. काने, मात्रा, वेलांट्या नेमक्या जागी याव्यात. पहिल्या अक्षराचं जे वळण तेच ग्रंथ संपेपर्यंत टिकावं, सगळं एकाच टाकानं लिहिलंय असं वाटावं. लिहिण्याआधी पान आखून घ्यावं. एका ओळीनं दुसरीला भिडू नये. पानाच्या चारही बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झिजून गळाल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. आणि मला सगळ्यांत भावते ती सूचना अशी, की तरुणपणी अतिशय बारीक लिहिलेलं म्हातारपणी कामाला येत नाही, म्हणून अक्षराचा आकार मध्यम धरावा. कडेची मोकळी जागा, ओळींमधलं अंतर, आखणी, सातत्य, वाचणाऱ्याच्या वयाचा विचार: ग्राफिक डिझाइनची मूलतत्त्वं म्हणून आज जाड इंग्रजी पुस्तकांतून जे शिकवलं जातं, त्यातला मोठा भाग या एका समासात आहे. इथे एकही सूचना सजावटीची नाही. प्रत्येकीमागे कारण आहे आणि ते कारण वाचणारा आहे.

यातल्या बऱ्याच सूचना देवनागरीच्या अंगकाठीतूनच आलेल्या आहेत. रोमन अक्षर जमिनीवर उभं राहतं. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेलं असतं. शिवाय त्याच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि पायाशी उकार, ऋकार. ‘सर्वांनी’ या साध्या शब्दात रफार आणि अनुस्वार एकाच जागेवर हक्क सांगतात. ‘दृष्टी’मध्ये खालचा मजलाही भरतो. म्हणजे मराठीची एक ओळ खरं तर तीन मजल्यांची असते, आणि ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा सढळ असल्याखेरीज वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत पाय अडकवणारच. ही एक गोष्ट जरी पान लावणाऱ्या प्रत्येकाच्या मनात पक्की बसली, तरी मराठी छपाईचा चेहरा बदलेल. पण बहुतेक सॉफ्टवेअर ओळींचं अंतर सुरुवातीला इंग्रजीच्या हिशेबानं देतं आणि ऑपरेटर ते आहे तसं ठेवतो. पानं वाढली तर कागद वाढतो, म्हणून प्रकाशकही काही बोलत नाही.

एकेका अक्षराचे सुटे खिळे हातानं जुळवून छापण्याच्या काळात ही चूक इतक्या सहज होत नसे. १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा देवनागरीसाठी शेकड्यांनी वेगवेगळे खिळे लागत. काही पद्धतींत अक्षर आणि मात्रा एकत्र ओतलेली असे, काहींत मात्रेचा तुकडा वेगळा बसवावा लागे. जुळाऱ्याच्या बोटांना प्रत्येक मात्रेचं वजन माहीत असे. ओळींमध्ये शिशाची पट्टी, म्हणजे लेड, टाकायची की नाही हे त्याला हातानं ठरवावं लागे. त्यामुळे अंतर हा त्याच्या कामाचा भाग होता, कुठेतरी लपलेला आकडा नव्हता. निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं देशभर नावाजली गेली ती पाठाच्या शुद्धतेसाठी, तशीच अक्षराच्या डौलासाठीही. मुंबईच्या ओतशाळांनी घडवलेलं वळण पुढे हिंदीनंही आपलंसं केलं आणि उत्तरेकडचे जुने अ, झ, ण मागे पडले. आज देशभर जी छापील देवनागरी दिसते, तिच्या हाडापेरात गिरगाव-काळबादेवीच्या गल्ल्यांतल्या कारागिरांचं काम आहे. हे आपल्या शाळेत कुणीतरी सांगायला हवं होतं.

खिळ्यांची ही संख्या कमी करण्यासाठी मोठमोठी माणसं खपली. केसरीसाठी खिळे कमी करण्याच्या उद्योगात लोकमान्य टिळकांनी स्वतः लक्ष घातलं होतं. सावरकरांची अ-ची बाराखडी त्याच चिंतेतून आली. आज त्या सुधारणा वाचताना त्यांची कळकळ दिसते, आणि एक गोष्ट खटकतेही. त्या सुधारणा यंत्राची सोय पाहत होत्या. वाचणाऱ्याचा डोळा ‘इ’ला सरावलेला आहे, ‘अि’पाशी तो क्षणभर अडखळेल, ही किंमत त्यांनी कमी धरली. यंत्र पुढे सुधारलं, त्याला सगळी जोडाक्षरं पेलू लागली, आणि त्या सुधारणांची गरज सरली. कायम राहिला तो वाचणाऱ्याचा डोळा.

दरम्यान शीर्षकाची कला बहरत होती. १९३५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला, १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. तिथून आणि तिच्या आसपास कलावंतांची एक फळीच उभी राहिली. गोव्याहून आलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ हे नियतकालिक काढलं आणि मुखपृष्ठ हे अंक विकत घेण्याचं कारण होऊ शकतं हे दाखवून दिलं. वसंत सरवटे पेशानं अभियंते. पु. ल. देशपांड्यांच्या मजकुराशेजारी त्यांची रेषा अशी येऊन बसली की एकाशिवाय दुसरं आठवत नाही. अरुण कोलटकर जाहिरातीच्या क्षेत्रातले नावाजलेले कलादिग्दर्शक. १९७६ मध्ये त्यांचा ‘जेजुरी’ हा कवितासंग्रह निघाला तेव्हा पुस्तकाच्या रचनेवर कवीचाच हात होता, आणि पानावर ओळ कुठे तुटावी, खाली किती कोरं सोडावं याची त्यांना असलेली जाण त्यांच्या कवितेपासून वेगळी काढता येत नाही.

या सगळ्यांत कमल शेडगे यांच्याजवळ जरा थांबायला हवं. टाइम्सच्या कलाविभागात नोकरी करत त्यांनी शेकडो नाटकांची शीर्षकं काढली: ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ‘मत्स्यगंधा’ आणि अशी कितीतरी. त्या कामाची अट आज लक्षात येत नाही. वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिरातींचं ते खच्चून भरलेलं पान, काळी शाई, खरखरीत कागद, बोटभर जागा. शेजारी दहा नाटकं ओरडत असतात. तेवढ्यात आपल्या नाटकाचं नाव ओळखू यायला हवं, आणि नाटक पौराणिक आहे, फार्स आहे की काळजाला हात घालणारं आहे हे नाव वाचण्याआधी कळायला हवं. शेडग्यांचं अक्षर हे काम करत असे. एखाद्या वेलांटीला झोक देऊन, एखाद्या कान्याची जाडी वाढवून ते शब्दाला स्वभाव देत, पण शब्द वाचता यायचा थांबत नसे. पुढच्या अनेकांच्या हातून हाच तोल सुटला. त्यांनी झोक घेतला आणि वाचनीयता टाकून दिली. शेडगे २०२० मध्ये गेले. त्यांच्या शीर्षकांचे संग्रह पुस्तकरूपात आहेत, हे आपलं भाग्य.

अच्युत पालव यांनी मोडी लिपीचा अभ्यास करून तिच्या धावत्या वळणातून नवं सुलेखन घडवलं आणि लोकांना भररस्त्यात, व्यासपीठावर अक्षर बनताना पाहायला शिकवलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका अक्षरकाराला हा सन्मान मिळावा याचा आनंद मोठा आहे. तरी एक गोष्ट मनाला लागून राहते. सुलेखनाचा प्रसार जसा वाढला तसं अक्षर म्हणजे टी-शर्टावरचं, भिंतीवरचं, लग्नपत्रिकेवरचं देखणं चित्र, हा समज घट्ट होत गेला. एकेक शब्द सुंदर झाला. परिच्छेद कुणी हातात घेतला नाही.

परिच्छेद हातात घेणारा एक माणूस मात्र होता. र. कृ. जोशी (१९३६–२००८) कवी, सुलेखनकार, उल्का या जाहिरातसंस्थेतले कलावंत, पुढे पवईच्या आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातले शिक्षक. भारतीय लिपी संगणकावर आणण्याच्या कामात त्यांनी उत्तरायुष्य घातलं. विंडोज २००० सोबत जो ‘मंगल’ फाँट आला तो त्यांचा. पुढची कित्येक वर्षं सरकारी पत्रांपासून शाळेच्या सूचनांपर्यंत जिकडे तिकडे मंगलच दिसत राहिला. मंगल पडद्यासाठी, ढोबळ ठिपक्यांच्या त्या काळच्या पडद्यासाठी घडवलेला होता. लोकांनी त्यात पुस्तकं छापली, निमंत्रणं छापली आणि मग अक्षर रुक्ष आहे म्हणून तक्रार केली. पडद्यावरच्या मेन्यूसाठी केलेल्या अक्षराला तीनशे पानांची कादंबरी वाहायला लावली, यात अक्षराचा काय दोष?

मंगलच्या आधीची आणि नंतरचीही दहा-पंधरा वर्षं आणखी वाईट होती. डीटीपी आलं, प्रत्येकाचा फाँट वेगळा, प्रत्येकाचं संकेतन वेगळं. एका संगणकावर जुळवलेलं मॅटर दुसऱ्यावर उघडलं की रोमन अक्षरांचा कचरा दिसे. त्याहून मोठं नुकसान डोळ्यांचं झालं. खिळा ताणता येत नसे. संगणकावर अक्षर आडवं ताणता येऊ लागलं, दाबता येऊ लागलं, त्याला बाह्यरेषा आणि सावली देता येऊ लागली. दोन ओळी जास्त होतायत? अक्षर दाबा. शीर्षक लहान दिसतंय? ताणा. ताणलेल्या अक्षरात उभे काने जाड होतात आणि शिरोरेषा तेवढीच बारीक राहते, त्यामुळे अक्षराचं सारं वजन बिघडतं. एक अख्खी पिढी असं मोडलेलं अक्षर पाहत मोठी झाली. तिला ते मोडलेलं आहे हे दिसत नाही.

फ्लेक्सबद्दल फार लिहीत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फलकावर चाळीस चेहरे, निळ्या-गुलाबी पार्श्वभूमीवर पिवळं अक्षर, त्याला लाल बाह्यरेषा, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की त्यात रंगांची हौस हा दोष नाही. चाळिसांतला एकही चेहरा दुसऱ्यापेक्षा लहान चालत नाही आणि एकही शब्द दुसऱ्यापेक्षा हलका चालत नाही, हा दोष. सगळेच मोठ्यानं बोलले की कुणाचंच ऐकू येत नाही.

आता आजची स्थिती. अक्षरांच्या पुरवठ्यापुरतं बोलायचं तर मराठीला इतके चांगले दिवस कधीच नव्हते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटानं, म्हणजे गिरीश दळवी, सारंग कुलकर्णी, नूपुर दात्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ‘मुक्त’, ‘बलू’, ‘मोदक’ अशा अक्षरमालिका घडवल्या आणि त्या मोफत खुल्या केल्या. ‘मुक्त’मध्ये एकाच अक्षराच्या सात जाड्या मिळतात. पान लावणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल: मथळा, उपमथळा, मजकूर, टीप, सगळं एकाच घराण्यातून रचता येतं, पाच वेगवेगळे फाँट ओढून आणावे लागत नाहीत. २०२२ मध्ये आलेल्या ‘अनेक’नं तर नऊ भारतीय लिपी आणि रोमन एका कुटुंबात बसवल्या. टायरो या कॅनडातल्या अक्षरशाळेनं मराठीसाठी, हिंदीसाठी आणि संस्कृतसाठी देवनागरीची तीन वेगळी रूपं दिली. ते अक्षर पुस्तकाच्या मजकुराला इतकं शोभतं की ते पाहून मला थोडी लाजही वाटली. हे काम इथल्या एखाद्या मोठ्या प्रकाशनानं करवून घ्यायला हवं होतं.

मराठीसाठी वेगळं रूप कशाला, असं विचारणारे भेटतात. आपला ‘ल’ दोन पाकळ्यांचा, हिंदीचा उभ्या दंडाला टेकलेला. ‘श’चंही वळण वेगळं. २००९ च्या शासननिर्णयानं मराठीची वर्णमाला प्रमाण केली तेव्हा ही वळणंही ठरवून दिली. पण युनिकोडमध्ये दोन्ही भाषांच्या ‘ल’ला एकच क्रमांक आहे. मराठी वळण फाँटच्या पोटात दडलेलं असलं तरी ‘हा मजकूर मराठी आहे’ असं सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाही. सांगायला दोन टिचक्या पुरतात. मोठमोठ्या दैनिकांच्या संकेतस्थळांवरही त्या मारलेल्या नसतात. मग पहिलीतलं मूल पाटीवर एक ‘ल’ गिरवतं आणि आईच्या फोनवर दुसरा वाचतं.

वळणाचं एक वेळ सोडून देऊ, पण ‘ऱ्य’चं काय करायचं? ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. ‘आचार्यांना’ बोलावलं तर प्रवचन होतं, ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर जेवण. हा पापणीसारखा अर्धा र मराठीच्या पानापानावर लागतो. जो फाँट मराठीची माहिती न घेता केलेला असतो त्यात नेमका तोच फुटतो: कुठे पाय मोडलेला ‘ऱ्’ आणि शेजारी अख्खा ‘य’, कुठे सरळ रफार. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक २००८ मध्ये मिळाला, तरी अजून कित्येक ठिकाणी ‘अ’वर चंद्र चिकटवून काम भागवलेलं दिसतं आणि मग शोधताना शब्द सापडत नाही. फाँट निवडताना कुणी दहा शब्दांची चाचणीही घेत नाही. मी घेतो: दऱ्या, सुऱ्या, सर्वांनी, दृष्टी, वाङ्मय, ॲप, ऋतू, हृदय, उत्कृष्ट, लाल. यात पडला तो फाँट मराठीच्या कामाचा नाही, मग तो दिसायला कितीही देखणा असो.

याच रांगेतला दुसरा प्रश्न ओळ दोन्ही बाजूंनी सरळ करण्याचा. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो. ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ हा एक शब्द आहे, आणि तो इंग्रजीसारखा मधोमध तोडून पुढच्या ओळीत न्यायची आपल्याला सवय नाही. वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यात असे दोन शब्द एका ओळीत आले की मध्ये बैलगाडी जाईल एवढी फट पडते. अशा पाच-सहा फटी एकाखाली एक आल्या की पानातून पांढरा ओहोळ वाहताना दिसतो. उजवी कड मोकळी सोडली तर हा त्रास जागच्या जागी संपतो. संपादकांना ते अव्यवस्थित वाटतं. मला वाटतं, कड सरळ दिसण्यापेक्षा ओळ सरळ वाचता येणं मोलाचं आहे.

पाट्यांच्या बाबतीत तर कायदाच झाला. २०२२ च्या दुरुस्तीनं महाराष्ट्रातल्या सगळ्या दुकानांना देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षराहून लहान नसावं असं ठरलं. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या भराभर बदलल्या. मी या कायद्याच्या बाजूचा आहे. आपल्या गावात आपली लिपी ठळक दिसावी, ही साधी अपेक्षा आहे. पण रस्त्यावरून चालताना पाहा. एका उंचीच्या दोन पट्ट्या आखल्या जातात. इंग्रजी मोठी अक्षरं आपली पट्टी काठोकाठ भरतात. मराठी अक्षराला त्याच उंचीत वरची वेलांटी आणि खालचा उकार सामावायचा असतो, त्यामुळे शिरोरेषेपासून पायापर्यंतचं मूळ अक्षर जेमतेम निम्म्या उंचीचं उरतं. टेप लावून मोजलं तर दोन्ही सारखी. रस्त्याच्या पलीकडून इंग्रजी वाचता येतं, मराठी नाही. शिवाय इंग्रजी नाव कंपनीच्या कलावंतानं महिनोन्‌महिने खपून घडवलेलं असतं, मराठी नाव फ्लेक्सवाल्यानं त्याच्याकडे असलेल्या पहिल्या फाँटात टाकलेलं असतं. कायदा पाटी लावायला भाग पाडू शकतो, ती नीट घडवून घ्यायचं काम नामफलक करवून घेणाऱ्या मराठी माणसाचं आहे. आणि तो ‘चालतंय की’ म्हणतो.

एसटीच्या गाडीवर पूर्वी रंगवलेली पाटी असे. गावाचं नाव स्टँडच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू येई. आता ठिकठिकाणच्या बसवर दिव्यांच्या ठिपक्यांची पाटी आली. ठिपके मोजके असले की आधी बळी जातो तो मात्रेचा. मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, नाव सरकत सरकत जातं, आणि पुरतं वाचून होण्याआधी बस निघालेली असते. इथेही तंत्राला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मोजक्या ठिपक्यांत देवनागरी कशी बसवायची, हा सुटणारा प्रश्न आहे. त्यावर बसायला कुणाला तरी पगार द्यावा लागेल, एवढंच.

हे सगळं टिकून राहतं याचं एक कारण असं, की या कलेची समीक्षाच होत नाही. मराठीत कादंबरीचं परीक्षण येतं, त्यात शेवटी ‘मुखपृष्ठ आकर्षक, छपाई सुबक’ असं अर्धं वाक्य असतं. आतला टाइप कोणता, समास किती, ओळ किती लांब, सत्तर वर्षांच्या वाचकाला ते पान पेलेल का, याबद्दल अक्षर नसतं. बापूराव नाईकांनी देवनागरीच्या मुद्राक्षरांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला, तो इंग्रजीत. त्यांचं ‘भारतीय ग्रंथमुद्रण’ मराठीत आहे, पण छपाईच्या धंद्यातल्या किती तरुणांनी ते हाताळलं असेल? कलाशाळांत शिकवणं बहुतांशी इंग्रजी पुस्तकांवर चालतं. मुलं रोमन अक्षराच्या उंचीचे, वजनाचे, दोन अक्षरांमधल्या अंतराचे सगळे नियम घोकतात आणि देवनागरीशी गाठ पडली की सुलेखनाच्या कार्यशाळेत जातात. पवईच्या केंद्रानं २००८ पासून ‘टायपोग्राफी डे’ भरवून भारतीय लिपींवर बोलायला जागा केली, ही मोठी गोष्ट. ती चर्चाही मुख्यतः इंग्रजीतच होते. खिळा, जुळारी, लेड, फर्मा हे शब्द छापखान्याबरोबर गेले. त्यांच्या जागी पान लावणाऱ्या मराठी मुलाला स्वतःच्या भाषेत बोलायला शब्दच उरले नाहीत. ज्याला नाव नाही ती चूक दाखवायची कशी?

आणि आता यंत्रानं काढलेली चित्रं आली आहेत. शुभेच्छापत्रावर पणत्या, रांगोळी, सगळं झकास, आणि मधोमध देवनागरीसारखी दिसणारी पण कुठलाच शब्द नसलेली अक्षरं. लोक ती तशीच पुढे पाठवतात. हे यंत्र काही महिन्यांत सुधारेल, त्याची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती पाठवणाऱ्या माणसाची. त्यानं ते अक्षर पाहिलं, पण वाचलं नाही.

गेल्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना हातात एक कागद दिला: तीन प्रकारचे थेंब, कोणते किती वेळा, किती दिवस, कोणता कधी बंद करायचा. सगळं मराठीत होतं, म्हणजे भाषेची तक्रार नव्हती. पण एका परिच्छेदात, बारीक टायपात, सगळंच ठळक करून, कडेपासून कडेपर्यंत भरलेलं. ज्या माणसाच्या एका डोळ्यावर त्या दिवशी पट्टी आहे त्याच्यासाठी तो कागद होता. तिसऱ्या दिवशी तिनं दुपारचा थेंब सकाळी घातला. फारसं बिघडलं नाही, पण मी घाबरलो.

रात्री बसून मी तो कागद नव्यानं लावला. चार उभे रकाने: सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना. आडव्या ओळींत औषधांची नावं, मोठ्या अक्षरांत, भोवती भरपूर जागा. माझ्या मते काम चोख झालं होतं. आईनं कागद हातात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, नावं कशाला लिहिलीस, बाटलीवरचं नाव मला कुठे दिसतंय, मी टोपणावरून ओळखते. मग मी शेजारच्या मुलीचे रंगीत खडू मागून आणले, नावं खोडली आणि तीन ओळींपुढे तीन टोपणं काढली, एक गुलाबी, एक पांढरं, एक पिवळं. तो कागद कालनिर्णयच्या शेजारी त्याच खिळ्याला अडकवला. महिनाभर ती रोज घातलेल्या थेंबापुढे पेन्सिलीनं बारीक रेघ मारत होती.